चिंध्यांची गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोधडी शिवायला घेतली की बहुतेकांचं घोडं त्याच त्या ठिकाणी अडतं. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि हळदीकुंकवाच्या गर्दीत मला पुन्हा पुन्हा विचारलेले हे प्रश्न. सोपे आधी, नडणारे नंतर. उत्तर आधीच कुठे आलं असेल तर त्या प्रश्नाचा आकडा दिलाय. मी राहते कराडात, माहेर विट्याकडचं. त्यामुळे लिहिताना गोधडी, बोलताना वाकळ.

१. गोधडी आणि वाकळ एकच का? मग दुलई, दुपटं, घोंगडी?

गोधडी आणि वाकळ एकच. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई वर-खाली करत घातलेल्या सरळ टाक्याने, शिवायचे. दुलई-रजईच्या पोटात कापूस असतो. दुपटं म्हणजे बाळासाठी दोन पदरी. घोंगडीचा तर काही संबंधच नाही, ती मेंढीच्या लोकरीची आणि मागावर विणलेली. माण-खटावच्या थंडीत खाली घोंगडी आणि अंगावर वाकळ अशी जोडी असायची.

जाता जाता, गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' म्हणायचे ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. आमच्या कराडच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, पण तिथल्या किती मुलांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

२. सुरुवातीला काय काय विकत आणावं लागेल?

मोठ्या नाकाची लांब सुई, जाड सुती दोरा, बोटात घालायचं टोपण आणि धारेची कात्री. बस. दाभण आणू नका, ते पोती शिवायला. त्याने विरलेल्या कापडाला भोकं पडतात आणि ती वाढत जातात. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक तो घेतात. पण दोरा कापडापेक्षा दणकट झाला की ओढ बसल्यावर दोरा राहतो आणि कापड कापलं जातं. दोरा तुटला तर परत घालता येतो.

३. कुठलं कापड चालतं आणि कुठलं नाही?

सगळ्यात जास्त फोन याचेच, आणि गोधडी बिघडते तीही इथेच.

वापरून वापरून मऊ पडलेलं सुती कापड सगळ्यात उत्तम. नऊवारी लुगडं, धोतर, सुती साडी, जुनी चादर, परकर, सुती शर्ट. शंभरदा धुतलेल्या कापडाचं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, खळ उरलेली नसते. गोधडीला नेमकं हेच हवं. नवं कोरं कापड घालायची हौस असेल तर घाला, पण आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन, वाळवून घ्या. कोरं सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. शिवल्यावर आटलं की शेजारचा जुना तुकडा फुगतो आणि गोधडीवर फोड आल्यासारखे दिसतात.

नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टरच्या साड्या वरच्या बाजूला नकोतच. थंडीत गार लागतात, उन्हाळ्यात घाम काढतात आणि अंगावरून घसरतात. अगदीच टाकवत नसेल तर मधल्या थरात एखादी, त्याहून जास्त नाही. टी-शर्टचं होजियरी कापड ताणलं जातं, तेही मधेच. जीन्सने सुई मोडते आणि गोधडी दगडासारखी जड होते. तिची वेगळी सतरंजी करा, छान होते.

विरलेलं चालतं, कुजलेलं नाही. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकं ओढा. टर्रकन फाटलं तर ते पुसायला ठेवा.

४. कापड सुती आहे हे कसं ओळखायचं? दुकानदार तर सगळंच कॉटन म्हणतो.

म्हणतोच. एकदा मीही 'प्युअर कॉटन' म्हणून तीन किलो कटपीस उचलून आणले आणि घरी येऊन बघते तर निम्मे पॉलिस्टर. काडी आधी लावायला हवी होती.

कडेचे दोन-तीन धागे उपसा, चिमट्यात धरा, ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसत वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मिश्र टेरिकॉट असेल तर जळतंही आणि मणीही होतो. वितळलेला थेंब बोटावर पडला तर भाजतं, म्हणून धागा हातात धरू नका.

५. शिंप्याकडून पिशवीभर कातरणं आणलीत. अगदी तळहाताएवढे तुकडे आहेत. त्यांचं काय करू?

आधी ढीग करा. चार बोटांहून लहान ते एका बाजूला, ते उशीत भरायला. त्यांच्या नादी लागाल तर शिवण्यापेक्षा जोडण्यातच वर्ष जाईल. उरलेल्यांत सुती आणि बिनसुती वेगळे करा (प्रश्न ४). एकाच जाडीचे तुकडे एकत्र ठेवा.

मग दोन वाटा. एक म्हणजे तुकडे मशीनवर जोडून वरचं पान तयार करायचं, त्याचा हिशेब प्रश्न ६ मध्ये आहे. दुसरी वाट जुनी आणि आळशी, मला तीच आवडते. एक जुनी चादर अंथरायची, तिच्यावर तुकडे कौलांसारखे अर्धा इंच एकमेकांवर चढवत मांडायचे, कच्च्या (तात्पुरत्या, लांब) टाक्याने अडकवायचे आणि हा थर गोधडीच्या पोटात घालायचा. वर दिसत नाहीत, म्हणून रंग जुळवायची कटकट नाही.

६. चौकोन जोडून करायची तर किती तुकडे, किती कापड?

एकेरी गोधडी चार फूट बाय साडेसहा फूट धरू, म्हणजे ४८ बाय ७८ इंच. सहा इंची चौकोन घेतले तर आडवे ८, उभे १३, एकूण १०४. पण कापताना साडेसहा इंचांचे कापा. चारी बाजूंनी पाव-पाव इंच माया शिवणीत जाते. ही माया विसरून सहाचेच कापणाऱ्या बायका मला दरवर्षी भेटतात. त्यांची गोधडी ४४ बाय साडेएकाहत्तर इंचांवर येते आणि पाय उघडे राहतात. एक मीटर पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून हे १०४ चौकोन काढायला साधारण तीन मीटर कापड लागतं. कडा आत दुमडायला चारी बाजूंनी दोन इंची पट्टी वेगळी जोडा.

तळाला साडी घालणार असाल तर सहावारी साडी साडेपाच मीटर लांब, पण पन्हा सव्वा मीटरच्या आतच. साडेतीन फुटी गोधडीला एकाच साडीत वरची आणि खालची दोन्ही पानं निघतात आणि पदराकडचा मीटरभर उरतो. चार फुटी हवी तर कडेला पट्टी आलीच.

७. ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा डोंगर झालाय. त्यांची गोधडी होईल का?

होईल, पण निवडून. इकडून आलेला तिकडे, तिकडून आलेला इकडे असं दहा घरं फिरून आलेला ब्लाउजपीस बहुधा पॉलिस्टरचाच असतो. काडी लावून पाहा. सुती खण असतील तर काठाच्या पट्ट्या म्हणून फार शोभतात.

८. थर किती आणि ते रचायचे कसे?

उन्हाळ्याला तीन-चार, थंडीला सहा-सात. आठच्या वर गेलात तर हाताने सुई निघत नाही. सहा थरांची एकेरी सुती गोधडी दीड किलोच्या आसपास भरते.

आधी सगळ्या कपड्यांची हाडं काढा. हे आईचं वाक्य. हाडं म्हणजे बटणं, हुक, चेन, काजपट्टी, कॉलर, खिसे, नाडीची नेफी आणि जाड शिवणी. शर्टाची पाठ आणि बाह्या उसवून सपाट करा. एक विसरलेलं हुक रात्रभर टोचत राहतं आणि नेमकं कुठे आहे ते सापडत नाही.

फरशी पुसून कोरडी करा. तळाची साडी उलटी बाजू वर करून अंथरा आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्याकडे एका कोपऱ्यावर वरवंटा, बाकी तिन्हींवर तांदळाचे डबे असतात. मग एकेक थर. प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने फिरवत बसवा. खालच्या थराच्या शिवणीवर वरच्या थराची शिवण येऊ देऊ नका, नाहीतर तिथे वरंबा उठतो. पोटातले थर कडेपासून दोन इंच आतच थांबवा. शेवटी वरचं पान ठेवून वर-खालच्या कडा आत दुमडून घ्या.

लगेच धावदोरा घालायला बसू नका. मधोमध उभा-आडवा आणि दोन्ही तिरपे असे हातभर लांब कच्चे टाके घाला. मांजर असेल तर हे सगळं दार लावून करा.

९. टाका कुठून सुरू करायचा? केवढा घालायचा?

आमच्याकडची पद्धत कडेकडून आत. एका कोपऱ्यापासून सुरू करून काठाकाठाने चौफेर फिरायचं आणि पुन्हा कोपऱ्याशी आलं की अंगठ्याच्या रुंदीएवढं आत सरकायचं. असे चौकोनात चौकोन होत शेवट मध्यावर येतो. ओळींतलं अंतर एक इंच. टाका वर दिसणारा पाव इंच, खाली तेवढाच.

दोरा दोन हातांहून लांब ओवू नका, गुंता होतो. गाठ वर ठेवायची नाही. थरांमधून सुई घालून हलका झटका द्या, गाठ पोटात जाते. सुई कापडावर आडवी ठेवून एका दमात चार-पाच टाके भरून घ्या आणि मगच ओढा. एकेक टाका उपसत बसलात तर वाकळ पुढच्या दिवाळीला.

हिशेब हवाच असेल तर ४८ बाय ७८ च्या गोधडीला इंचाइंचावर ओळी घातल्या की शिवणीची लांबी सुमारे ९५ मीटर होते. टाके साडेसात हजारांच्या घरात. 'दोन दिवसात करून द्या' म्हणणाऱ्यांना मी आता हाच आकडा सांगते.

१०. मध्यापर्यंत आले आणि फुगा आला. सगळं उसवू का?

नको. कडेकडून आत येताना वरच्या पानाचं ढिलं कापड पुढे ढकललं जातं आणि मध्यावर गोळा होतं. कच्चे टाके आखडते घेतले की हेच घडतं (प्रश्न ८). फुगा बोटभर असेल तर ओळीच्या रेषेत बारीक चुणी घ्या आणि तिच्यावरूनच टाका न्या. दोन धुण्यांत मिसळून जाते. ओंजळभर असेल तर मात्र शेवटच्या चार-पाच ओळी उसवा, तळवा फिरवून ढिलाई चारी बाजूंना वाटून द्या आणि पुन्हा घाला.

११. मशीनवर शिवली तर ती गोधडी नाही का?

गोधडीच. पण अंगाला लागते वेगळी. मशीनचा टाका वर-खाली दोन दोरे आवळतो, हाताचा धावदोरा सैल राहतो, म्हणून हाताची गोधडी अंगावर वळते आणि मशीनची पत्र्यासारखी उभी राहते, निदान पहिलं वर्षभर. मशीनवरच करायची तर थर चारपर्यंत, सुई १६ नंबरची, टाका तीन-चार मिलिमीटरचा आणि ओळींतलं अंतर दोन-तीन इंच. वरचं पान मशीनवर जोडून धावदोरा हाताने, असा मध्यममार्ग मी बऱ्याचदा काढते.

१२. आत कापूस किंवा फोम घातला तर जास्त ऊब येईल?

कापूस घातला की ती रजई झाली आणि तिला पिंजारी लागणार. फोम तर नकोच, धुतल्यावर गोळा होतो. ऊब हवी तर थर वाढवा. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते.

१३. दुसऱ्याला शिवून द्यायची तर मजुरी कशी सांगायची?

नगावर सांगू नका. गोधडीची लांबी-रुंदी आणि ओळींतलं अंतर विचारून सांगा. इंचाच्या ओळींऐवजी अर्ध्या इंचाच्या मागितल्या तर शिवण दुप्पट होते, म्हणजे मजुरीही दुप्पट. कापड त्यांचं असेल तर उसवण्याचे आणि धुण्याचे वेगळे पैसे. हे आधी बोलून घ्यावं. 'घरचंच तर आहे, वहिनी' म्हणणाऱ्यांकडून तर नक्कीच.

१४. पहिल्याच धुण्यात लाल रंग सगळीकडे पसरला. मिठाच्या पाण्यात भिजवायला हवं होतं का?

मिठाने काही झालं नसतं. रंगवतानाच्या कृतीत मीठ वापरतात खरं, पण तयार कापडाचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. शिवण्याआधी लाल, मरून आणि निळ्या तुकड्यावर ओला पांढरा रुमाल घासून पाहायचा होता. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळा धुवायचा, किंवा सोडून द्यायचा.

आता पसरलाच आहे तर गोधडी वाळू देऊ नका. ओली असतानाच भरपूर गार पाण्यात साबण घालून भिजवा आणि पाणी बदलत राहा. एकदा उन्हात वाळली की डाग बसला म्हणून समजा.

१५. धुवायची कशी? वॉशिंग मशीनमध्ये चालते का?

एकेरी चालते. पण मशीनवर लिहिलेले सात किलो कोरड्या कपड्यांचे असतात, आणि भिजलेली गोधडी कोरडीच्या दुप्पट-तिप्पट होते. म्हणून ती एकटीच टाका आणि पिळण्याचा वेग कमी ठेवा. हाताच्या धावदोऱ्याची मोठी गोधडी मात्र टबात, पायाने तुडवून. आपटायची नाही, दोरे तुटतात. दोरीवर एका काठाला लटकवलीत तर सगळं पाणी खालच्या काठाला उतरून ती लांबते. दोन दोऱ्यांवर आडवी पसरा.

१६. आम्ही महाबळेश्वरच्या बाजूला राहतो. पावसाळ्यात गोधडीला वास येतो.

वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे दुसरं काय होणार! माणदेशात हाच प्रश्न कुणी विचारत नाही. तुमच्याकडे गोधड्या मे महिन्यातच धुऊन, सलग दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवून, गार झाल्यावर घडी करा. उन्हातली गरम गोधडी तशीच बांधली की आत घाम धरतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या सुती चादरीत बांधा. खळीचं कापड आत असेल तर कसर लागते, म्हणून खळ आधीच धुऊन टाकायची. वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. डांबरगोळ्यांबद्दल प्रश्न १८ पाहा.

१७. पुरात भिजलेली गोधडी परत वापरावी का?

सांगलीकडून हा प्रश्न २०१९ च्या ऑगस्टपासून येतोय, २०२१ च्या पुरानंतर पुन्हा आला. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माळ्यावरच्या ट्रंकाही बुडाल्या.

आहे तशी वापरू नका. पुराच्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात, आणि सहा थरांची गोधडी वरून वाळली तरी पोटात ओली राहून आत बुरशी धरते. जीव अडकलेला असेल तर ती उसवा. हो, पूर्ण. थर सुटे करा, चिखल आधी वाहत्या पाण्याने काढा, मग सुती थर धुण्याचा सोडा घालून उकळा आणि उन्हात वाळवा. जे थर तेवढ्यात तग धरतील तेवढ्यांची पुन्हा शिवा. माझ्या ओळखीच्या एका घरात सात थरांतले चार वाचले. त्यांची आता उन्हाळी गोधडी आहे, काठाला पुराच्या पिवळट रेषेसकट.

१८. येणाऱ्या बाळासाठी करायचीय. काय सांभाळायचं?

दोन किंवा तीन थर, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, आणि टिकल्या, आरसे, लेस, मणी काहीही नाही. टाके बारीक घाला, सैल टाक्यात बाळाचं बोट अडकतं. ती बाळाच्या खाली घालायची. तान्ह्याच्या तोंडावर सरकेल असं सैल पांघरूण घालून त्याला झोपवू नये.

डांबरगोळ्यांत ठेवलेलं दुपटं किंवा गोधडी तान्ह्याला अजिबात नको. त्या वाफेने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. हे अनेक आज्यांना पटत नाही, वाद घालू नका, गोळ्या गुपचूप काढून टाका.

१९. जुन्या पैठणीचे किंवा जरीचे काठ लावले तर?

अंथरायच्या-पांघरायच्या गोधडीला नको. जर खरखरते, रेशमाचे धागे शिवणीतून सुटतात, आणि सुती आतून आटलं की काठ लाटेसारखा उभा राहतो. भिंतीवर लावायची असेल तर खुशाल लावा.

२०. ढेकूण झालेत. गोधडी फेकून द्यावी लागेल का?

नाही. साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतली की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. नुसत्या उन्हाने भागेलच असं नाही, जाड गोधडीच्या आतले थर तेवढे तापत नाहीत. पण खाटेच्या फटी तशाच ठेवल्या तर आठवड्यात पुन्हा येतील.

२१. गोधडी जागोजागी विरलीय. ठिगळ लावू की नवी करू?

वरचंच पान गेलं असेल तर दोन्हींची गरज नाही. जुनी गोधडी धुऊन तिच्यावर नवी साडी चढवा आणि जुन्या ओळींच्या मधून टाके घाला. जुन्या गोधड्या उसवल्या की आत दुसरी, तिच्या आत तिसरी निघते ती अशीच. फक्त वजन बघा, दर वेळी दोन थर वाढतात.

२२. सासरे वारले. त्यांची धोतरं गोधडीत घातली तर चालतात का? घरात दोन मतं आहेत.

काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात, काही घरांत तेच मुद्दाम ठेवतात. शास्त्र मला विचारू नका. मी अशा कितीतरी शिवल्यात. विचारायचं ते सासूबाईंना, आणि त्या हो म्हणाल्या तर घाई करू नका, वर्ष जाऊ द्या. कधीकधी माणसं धोतर देतात आणि महिन्याने परत मागायला येतात, तोवर मी ते कापलेलं असतं. आता अशी कापडं मी सहा महिने तशीच घडी करून ठेवते. आणि ते कापड पोटात घालायचं की वर दिसू द्यायचं, हेही आधी ठरवून घ्या.

२३. आईने अर्धी शिवलेली वाकळ ट्रंकेत सापडली. मी पुरी केली तर माझा टाका वेगळा दिसेल. काय करू?

दिसेलच. आईचा टाका कुणालाच जमत नाही. मी आजीचा गिरवायला गेले होते, चौथ्या ओळीत हात स्वतःच्या चालीवर आला.

आधी जुना दोरा तपासा. नखाने हलकं उचलल्यावर तुटत असेल तर जुन्या ओळी उसवू नका, त्यांच्या शेजारून नवी ओळ फिरवून आधार द्या. मग तिने जिथे सोडलंय तिथून अंगठाभर आत सरकून सुरू करा. सुई तिथेच खोचलेली सापडली तर जपून काढा, गंजलेली सुई कापडात मोडते. दोऱ्याचा रंग जुळवायच्या मागे लागू नका. जुळला तरी वर्षभरात नवा दोरा वेगळा विटतो. मी तर सरळ दुसऱ्याच रंगाचा घेते.